पत्रकाचें बळ आणि पत्रकाची जबाबदारी
(महाड येथील १९२३ ते १९२७ च्या लोकलेखांवरून एक परीक्षण)

१

इतिहाससंशोधकांच्या दप्तरांत सनदा, महजर, कैफियती व करीने यांस मानाची जागा असते. बखरींचें परीक्षण होतें, शकावल्यांतील तिथि ताडून पाहिल्या जातात, एखाद्या पत्राच्या मायन्यावरून लिहिणाराचा व वाचणाराचा दर्जा ठरविला जातो. परंतु गेल्या शंभर-दीडशें वर्षांत ज्या लेखप्रकारानें साधीं माणसें घराबाहेर काढलीं व सभेस, मोर्चास, परिषदेस आणून बसविलीं, त्या हस्तपत्रकाकडे लेख या नात्यानें फारसें कोणी पाहिलेलें नाहीं. लोक त्यास हँडबिल म्हणतात. तें वांटलें जातें, मुंडाशांत किंवा खिशांत खोंवलें जातें, आणि काम झालें कीं चुलींत किंवा वाण्याच्या पुडींत जातें. ज्याचें आयुष्य चार दिवसांचें, त्याचें परीक्षण कशाला, अशी समजूत यामागें असावी.

ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. बखर लिहिणाराला चुका झांकण्यास पन्नास पानें असतात; पत्रक लिहिणाराला पंधरा ओळी असतात. त्यांत त्यानें काय सांगितलें, काय गाळलें, कोणास उद्देशून बोलला आणि स्वतःचें नांव खालीं घातलें कीं नाहीं, यावरून त्याच्या पक्षाची व त्याच्या काळाची जितकी ओळख पटते तितकी लांब ग्रंथांवरून पुष्कळदां पटत नाहीं.

उत्तम पत्रक कोणतें, असें विचारल्यास व्यवहारी माणूस तत्काळ सांगेल कीं, ज्यानें लोक जमले तें. हें उत्तर अर्धेंच खरें आहे. लोक जमविणें हें पत्रकाचें बळ. परंतु जमविलेल्या लोकांच्या कृत्याचा जाब देण्यास कोणी तरी उभें असणें ही त्याची जबाबदारी. या दोहोंपैकीं एक नसेल तर पत्रक लंगडें होतें, किंवा त्याहून वाईट म्हणजे घातक होतें. हा सिद्धांत नुसता मांडण्यापेक्षां एका गांवच्या अनुभवावर घांसून पाहावा म्हणून आम्हीं महाड निवडलें आहे.

२

महाड सावित्रीच्या कांठीं, रायगडाच्या पायथ्याच्या मुलुखांत वसलें आहे. तेथून पोलादपूरच्या बाजूस डोंगराळ खोरीं सुरू होतात. हा प्रदेश तेव्हां कुलाबा जिल्ह्यांत मोडे. त्या जिल्ह्यास रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें. वाड्या विखुरलेल्या, वाटा चढउताराच्या, आणि वाचतां येणारीं माणसें थोडीं. अशा मुलुखांत छापील कागद आपल्या पायांनीं चालत नाहीं. त्यास कोणी तरी नेणारा लागतो, आणि नेल्यावर वाचून दाखविणारा लागतो.

तरीही लहान छापील लेखाची परंपरा येथें जुनी आहे. महाडनजीकच्या रावढळ गांवचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करांतून निवृत्त झाल्यावर लिहूं लागले, आणि १८८८ सालीं त्यांनीं ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तिची रचना सव्वीस प्रश्नांची आहे. विधान केलें तर तें नाकारतां येतें. प्रश्न केला तर गप्प राहणें हेंही उत्तरच ठरतें. या दृष्टीनें ती रचना फार चतुर होती. परंतु ती पुस्तिका वरिष्ठ वर्गांच्या पुढाऱ्यांस उद्देशून होती. तिचा वाचक पाणवठ्यावर अडविला जाणारा माणूस नव्हता, तर अडविणारा होता. न्याय मागणें आणि माणसें उठविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, व दोहोंची भाषा एक असूं शकत नाहीं. वलंगकरांची पुस्तिका पहिल्या प्रकारची उत्तम. दुसऱ्या प्रकारच्या लेखनास महाडांत आणखी चाळीस वर्षें लागलीं.

१९२३ पासून १९२७ अखेरपर्यंत एकाच चवदार तळ्याभोंवतीं पांच प्रकारचीं लोकवचनें उमटलीं: एक ठराव, एक हांक, एक अफवा, एक हुकूम आणि कांहीं फलक. हीं सर्वच काटेकोर अर्थानें हस्तपत्रकें नव्हत, हें आम्ही जाणतों. परंतु प्रत्येक वचन थोडक्या शब्दांत, पुष्कळ लोकांस उद्देशून, त्यांच्याकडून कांहीं घडवून आणण्यासाठीं किंवा घडूं न देण्यासाठीं केलेलें होतें. पत्रकाचें लक्षण याहून निराळें नाहीं. म्हणून एकाच कसोटीवर तीं पांचही ताडून पाहूं.

३

पहिला ठराव. ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशानें बांधलेल्या किंवा चालविलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा, तसेंच शाळा, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या लोकांस करूं द्यावा, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें ता. ५ जानेवारी १९२४ रोजीं ठरविलें कीं, चवदार तळ्याचा उपयोग अस्पृश्यांनीं करण्यास नगरपालिकेची हरकत नाहीं.

हेतु चांगला, पक्ष न्यायाचा. पण लेख म्हणून परीक्षण करूं जातां हें वाक्य फार दुबळें आहे. ‘हरकत नाहीं’ या शब्दांत बोलणारा आपल्या अंगावरची जबाबदारी काढून टाकतो. त्यांत कोणी यावें हें आहे, पण केव्हां यावें, कोणत्या बाजूनें उतरावें, आणि कोणी अडविलें तर पाठीशीं कोण उभें राहील, हें नाहीं. तीन वर्षें हा ठराव दप्तरांत राहिला व तळ्याचें पाणी पूर्वीप्रमाणेंच राहिलें.

दोष केवळ शब्दयोजनेचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. भीति होती, आणि ती खरी होती. परंतु जेथें भीति असते तेथेंच लेखानें अधिक सांगावें लागतें. निर्भय माणसास परवानगी पुरते. भ्यालेल्या माणसास सोबत लागते. ज्या पत्रकांत हक्क सांगितला आहे पण सोबत सांगितलेली नाहीं, तें पत्रक वाचणारा मान डोलावून घरीं बसतो.

४

दुसरी हांक. ता. १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर होते. या परिषदेच्या आधीं सुमारें दोन महिने कार्यकर्ते डोंगरखोऱ्यांतील वस्त्यांवर हिंडत होते. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे याच भागांतील तरुण त्यांत पुढें होते. परिषदेस माणसें आलीं तीं खांद्यावर भाकरीचीं गांठोडीं घेऊन, लांबलांबून पायीं चालत.

यावरून पत्रकलेखकानें पहिला धडा घ्यावा तो हा कीं, कागद हा निरोपाचा सोबती आहे, निरोप्या नव्हे. जें वाक्य एकदां ऐकून दुसऱ्या वाडीवर जसेंच्या तसें सांगतां येत नाहीं, तें छापलें तरी व्यर्थ. ‘कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद’ हें नांवच पाहावें. कोठली, कोणाची आणि कशाची, या तीन प्रश्नांचीं उत्तरें चार शब्दांत येतात. दिवसही विचार करून निवडलेले दिसतात: १९ मार्चला शनिवार होता व २० मार्चला रविवार. मुंबईस नोकरीचाकरीस असलेल्या मंडळींस हाच वार सोयीचा. पत्रकाची रचना छापखान्यांत सुरू होत नाहीं. ती तारीख ठरवितांना सुरू होते.

या परिषदेच्या हकीकतींत एक लहानसा आंकडा आहे. परिषदेस आलेल्या लोकांसाठीं चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें. गांवांत तळें भरलेलें, नगरपालिकेची हरकत नाहीं, आणि माणसांस पाणी विकत! अन्याय घोर आहे, असह्य आहे, लाजिरवाणा आहे, अशीं दहा विशेषणें एकापुढें एक मांडलीं तरी या चाळीस रुपयांची बरोबरी करूं शकत नाहींत. पत्रक लिहिणारे आमचे आजचे मित्र विशेषणांवर शाई खर्च करतात व आंकडा विसरतात, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

परिषदेच्या दुसऱ्या दिवशीं ठराव झाले, आभारप्रदर्शनाची वेळ आली. तेव्हां अनंतराव चित्रे उठले व त्यांनीं सुचविलें कीं, नुसते ठराव करून पांगूं नये, सर्वांनीं मिळून आत्तांच तळ्यावर जाऊन पाणी घ्यावें. ही हांक कागदावर छापलेली नव्हती; पण उत्तम पत्रकाचे सारे अवयव तिच्यांत आहेत. कृत्य एक, तें सर्वांस समजणारें. स्थळ एक, तें सर्वांस ठाऊक. वेळ एक, ती हीच. आणि सांगणारा समोर उभा, स्वतः बरोबर येणारा. १९२४ च्या ठरावांत जें जें नव्हतें तें तें येथें होतें. मिरवणूक रांगेनें निघाली, डॉ. आंबेडकर तळ्यांत उतरून पाणी प्याले, व त्यांच्यामागून लोक प्याले. तीन वर्षांत ठरावानें जें झालें नाहीं तें हांकेनें एका दुपारीं केलें.

५

तिसरी अफवा, आणि येथें आमच्या व्यवहारी मित्राच्या कसोटीची खरी परीक्षा आहे.

लोक तळ्यावरून परत आल्यानंतर कांहीं वेळानें गांवांत बोलवा उठली कीं, आतां हे लोक वीरेश्वराच्या देवळांत शिरणार. तसा बेत नव्हता. परंतु काठ्या घेऊन जमाव निघाला आणि मंडपांत जेवणाच्या तयारींत असलेल्या व गांवांत पांगलेल्या माणसांवर मारहाण झाली.

लेखनाच्या दृष्टीनें ही अफवा पाहिली तर ती भयंकर निर्दोष आहे. वाक्य एकच. स्थळ सर्वांच्या आदराचें. काळ अगदीं जवळचा. काय करावें हें सांगितलेलें नाहीं, पण सांगावेंही लागत नाहीं. ऐकणाऱ्यास तें क्षणांत पाठ होतें व पुढल्या आळींत पोहोंचतें. ‘ज्यानें लोक जमले तें उत्तम’ ही कसोटी खरी मानली, तर त्या दिवशीं महाडांत सर्वांत उत्तम रचना या अफवेची होती असें म्हणावें लागेल.

असें म्हणणें आमच्यानें होत नाहीं. आणि कां होत नाहीं तें नीट सांगितलें पाहिजे. अफवेच्या खालीं नांव नव्हतें. ती खोटी निघाली तेव्हां जाब विचारावयास कोणी सांपडलें नाहीं. तिला उलटून प्रश्न करतां येत नव्हता, कारण तिचा धनीच नव्हता. बळ पूर्ण आणि जबाबदारी शून्य, असा हा लेखप्रकार आहे. ज्या गुणांमुळें पत्रक परिणामकारक होतें ते सर्व गुण खोट्यालाही जडतात. एक मात्र जडत नाहीं, तो म्हणजे खालची सही. म्हणून सही हा पत्रकाचा अलंकार नव्हे. तो त्याचा प्राण आहे.

६

चौथा हुकूम व पांचवे फलक. नगरपालिकेनें ता. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं आपला पूर्वीचा ठराव रद्द केला. चळवळीनें डिसेंबरांत सत्याग्रह करण्याचें ठरविलें. त्यावर कांहीं मंडळींनीं, तळें सार्वजनिक नसून खासगी आहे, असें म्हणून महाडच्या दिवाणी कोर्टांत दावा आणला, व ता. १४ डिसेंबर रोजीं तात्पुरता मनाईहुकूम मिळविला.

हा हुकूम न्यायाच्या बाजूचा होता असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु लेख म्हणून अफवेशीं त्याची तुलना करावी. त्यावर तारीख आहे, पक्षकारांचीं नांवें आहेत, कोणत्या गोष्टीस मनाई आहे हें स्पष्ट आहे, आणि देणारा कोण हें शिक्क्यासकट आहे. म्हणूनच त्याच्याशीं लढतां आलें. परिषदेनें पुष्कळ विचार करून सत्याग्रह तहकूब केला व झगडा कोर्टांत चालविला. तो दहा वर्षें चालला, आणि ता. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें निकाल डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्या बाजूनें दिला. अन्यायाचा असला तरी ज्या लेखास धनी आहे त्याचा पाडाव करतां येतो. बिनधनी लेखाचा पाडाव करतां येत नाहीं. त्याच्या जखमा तेवढ्या मोजाव्या लागतात.

डिसेंबरच्या परिषदेस मंडपासाठीं जागा मिळेना, तेव्हां फत्तेखान या मुसलमान गृहस्थानें आपली जमीन दिली. डॉ. आंबेडकर व मुंबईची मंडळी ‘पद्मावती’ बोटीनें दासगांव बंदरास उतरली व तेथून महाडास पायीं गेली. ता. २५ डिसेंबरच्या रात्रीं मनुस्मृतीचें दहन झालें. त्या जागीं फलक लाविले होते. एकावर ही मनुस्मृतीची दहनभूमि आहे असें, दुसऱ्यावर अस्पृश्यता नष्ट करा असें, आणि तिसऱ्यावर ब्राह्मण्य गाडून टाका अशा आशयाचें लिहिलेलें होतें.

या तीन फलकांची रचना आम्हांस फार विचारपूर्वक केलेली वाटते. पहिला स्थळाचें नांव सांगतो. दुसरा सर्वांनीं करावयाचें काम सांगतो. तिसरा शत्रूचें नांव सांगतो. आणि तें नांव ‘ब्राह्मण’ नाहीं, ‘ब्राह्मण्य’ आहे. एका जोडाक्षराचा हा फरक आहे, पण सारा पक्ष त्यांत आहे. त्या रात्रींचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते, व ठरावास अनुमोदन देणारे पां. ना. राजभोज होते. फलक लिहिणारानें घाईत एक अक्षर गाळलें असतें, तर व्यासपीठावरच्या आपल्याच सहकाऱ्यावर तो फलक उलटला असता. थोड्या जागेंत लिहिणाराला शब्दांची काटकसर करावी लागते हें खरें. पण ज्या अक्षरावर अर्थ टेकलेला आहे तें अक्षर काटकसरींत जातां कामा नये. आजच्या पत्रकांत मात्र नेमकें हेंच पहिल्यानें जातें, व मताच्या जागीं माणूस आणि रीतीच्या जागीं जात येऊन बसते.

फलकांच्या जोडीस स्वयंसेवकांची प्रतिज्ञा होती. तिचीं कलमें पांच. जन्मावर आधारलेलें चातुर्वर्ण्य मानीत नाहीं, जातिभेद मानीत नाहीं, अस्पृश्यता हा कलंक असून ती घालविण्याचा प्रामाणिक प्रयत्न करीन, खाण्यापिण्यांत निदान हिंदूंपुरता तरी भेद पाळणार नाहीं, आणि देवळें, पाणवठे, शाळा येथें सर्वांचा समान हक्क मानीन, असा त्यांचा सारांश. कलमें बोटांवर मोजण्याइतकीं. प्रत्येक कलम उत्तमपुरुषी. ‘लोकांनीं करावें’ असें नाहीं, ‘मी करीन’ असें आहे. सत्याग्रहासाठीं जवळजवळ चार हजार माणसांनीं आपलीं नांवें नोंदविलीं. येथें जबाबदारी लिहिणाराकडून वाचणाराकडे गेली, आणि पत्रकाचें कार्य याहून अधिक काय असूं शकतें?

त्याच परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेशीं महाडच्या सभेची तुलना केली. त्या राष्ट्रसभेचा मानवी हक्कांचा जाहीरनामा सतरा कलमांचा आहे. महाडासही हक्कांचा जाहीरनामा विस्तारानें मांडला गेला. म्हणजे विस्तार जेथें हवा तेथें तो ठेविला, आणि फलकावर तीन-चार शब्दच लिहिले. जाहीरनामा, प्रतिज्ञा व फलक यांची लांबी निरनिराळी असते, हें ज्यांस समजत नाहीं ते पत्रकावर जाहीरनामा छापतात व वाचणाऱ्याचे डोळे दुखवितात.

७

आतां रचनेविषयीं थोडें. रोमन लिपींत मोठ्या व लहान अक्षरांचे दोन संच असतात. त्यामुळें एखादा शब्द मोठ्या अक्षरांत जुळविला कीं तो उठून दिसतो. नागरीस ती सोय नाहीं. नागरींत उठाव द्यावयाचा तर तो टाइपाच्या आकारानें, जाडीनें किंवा भोंवतीं मोकळी जागा सोडून द्यावा लागतो. यांपैकीं मोकळी जागा हें साधन सर्वांत स्वस्त असून तेंच सर्वांत कमी वापरलें जातें. शिवाय नागरीच्या ओळीस वर वेलांट्या व मात्रा, खालीं उकार, असा दोन्हीकडे पसारा असतो. ओळी चिकटून बसविल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो, आणि नवशिका वाचक तेथेंच थांबतो.

आमच्या मतें हस्तपत्रकाचें मथळ्याचें वाक्य मोठ्यानें वाचतांना एका श्वासांत संपावें. ओळ जेथें तोडावयाची ती कागदाच्या रुंदीवर नव्हे, बोलण्याच्या थांब्यावर तोडावी. स्थळ, दिवस व वेळ या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणीं, एकाखालीं एक असाव्या. परिच्छेदाच्या पोटांत दडवूं नयेत. निमंत्रकांचीं तीस नांवें जाड टाइपांत व सभेची वेळ बारीक टाइपांत, असें पत्रक आम्हीं कितीदां तरी पाहिलें आहे. त्यावरून सभा कोणासाठीं भरली होती हें मात्र अचूक कळतें. डेमी अष्टपत्री एवढा कागद पुरेसा आहे. तो घडी करून खिशांत राहतो, आणि त्यांत मावत नाहीं तें बहुधा सांगण्याजोगेंही नसतें. लिहून झाल्यावर पत्रक लेखकानें स्वतः वाचूं नये. वाचतां न येणाऱ्या माणसास दुसऱ्याकडून एकदां वाचून दाखवावें आणि मग त्यास विचारावें: कोठें जावयाचें? केव्हां? काय करावयाचें? कोणी बोलाविलें? चारांपैकीं एकाही प्रश्नास तो अडखळला तर चूक त्याची नव्हे.

८

संशोधक या नात्यानें आमची एक खास तक्रार आहे. पत्रक लिहिणारे वार घालतात, तारीख घालतात, तिथिही घालतात. सालच तेवढें घालीत नाहींत. आपलें पत्रक चार दिवसांनीं निरुपयोगी होणार अशी त्यांची विनयशील समजूत असते. समजा, ‘शनिवार ता. १९ मार्च’ एवढेंच असलेलें एक पत्रक उद्यां आमच्या हातीं आलें. जंत्री उघडली तर हा योग १९२१, १९२७, १९३२ व १९३८ अशा चार सालीं सांपडतो. चारांत कोणतें? तिथि दिलेली असेल तर प्रश्न सुटतो, कारण तिथि व तारीख यांची जोडी सुमारें एकोणीस वर्षांनीं पुन्हां जुळते, व तेव्हां वार निराळा असतो. तिथि नसेल तर कागद, टाइप व छापखान्याचें नांव यांवर भिस्त ठेवावी लागते.

छापखान्याचें नांव छापण्याची सक्ति १८६७ च्या कायद्यानें केली होती. सरकारचा हेतु लिहिणारांवर नजर ठेवण्याचा होता हें उघड आहे. पण त्या सक्तीमुळें आज आम्हांस कित्येक कागदांचा थांग लागतो. तो कायदा आतां राहिला नाहीं. नियतकालिकांपुरता नवा कायदा २०२३ सालीं झाला. निवडणुकीच्या पत्रकांवर मात्र मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें व पत्ते छापलेच पाहिजेत, असा निर्बंध १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत आहे. सक्ति असो वा नसो, ज्यास आपल्या म्हणण्याची लाज नाहीं त्यानें साल, नांव व छापखाना या तीन गोष्टी छापाव्या. जबाबदारी आजच्या वाचकाशीं असते, तशी शंभर वर्षांनंतरच्या वाचकाशींही असते.

९

हा सर्व विषय जुन्या कागदांपुरता असता तर आम्हीं इतका विस्तार केला नसता. पण याच मुलुखांत पत्रकाची परीक्षा अजून चालू आहे, व ती पाण्याचीच आहे. जुलै २००५ मध्यें महाड तालुक्यांतील दासगांव, जुई, रोहण व कोंडिवते येथें दरडी कोसळल्या. ता. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये येथें डोंगर खचून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं; त्याच पावसांत महाड शहर पाण्याखालीं गेलें आणि पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंही दरडींनीं बळी घेतले.

अशा मुलुखांतील वाडीवर पावसाळ्याआधीं जें पत्रक जाईल तें १९२४ च्या ठरावासारखें असावें कीं १९२७ च्या हांकेसारखें, हा प्रश्न शैलीचा नाहीं. ‘नागरिकांनीं दक्षता बाळगून सुरक्षित स्थळीं स्थलांतर करावें’ हें वाक्य ‘हरकत नाहीं’ याच कुळांतलें आहे. सुरक्षित स्थळ कोणतें? वाट कोणती? रात्रीं दोन वाजतां दार कोणी ठोठवावयाचें? उतारावर नवी भेग दिसली, झाडें किंवा खांब कलले, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें किंवा नव्या जागीं फुटलें, घराचीं दारें आपोआप अडकूं लागलीं, तर थांबावयाचें नाहीं. अमुक वाटेनें अमुक शाळेंत जावयाचें. आणि हें सांगणारा अमुक, त्याचें घर अमुक ठिकाणीं. इतकें सांगण्यास दहा ओळी पुरतात. पण त्या दहा ओळी प्रत्येक वाडीसाठीं निराळ्या लिहाव्या लागतात, आणि त्या लिहिण्यास तो डोंगर चढून जावें लागतें. दोन महिने खोरीं तुडविणाऱ्या कार्यकर्त्यांनीं जें केलें त्यास दुसरा सोपा मार्ग आजही नाहीं.

उलट बाजूस, पूर आला कीं धरण फुटलें, पूल वाहून गेला, असे बिनसहीचे निरोप घरोघरच्या फोनवर फिरूं लागतात. साधन नवें आहे, पण तो लेखप्रकार आम्हीं वर पाहिला आहे. वीरेश्वराच्या देवळाची अफवा आणि हे निरोप यांचें कुळ एकच. त्यांस उत्तर एकच आहे: नांव घातलेला, साल घातलेला, एका ठिकाणचा, एका कामाचा कागद, आणि तो हातांत घेऊन दारीं आलेला ओळखीचा माणूस.

महाड व पोलादपूर भागांतील ज्या घरांत जुनीं हस्तपत्रकें, सभांचीं निमंत्रणें, मंडळांचीं विनंतिपत्रें असतील, त्यांनीं तीं रद्दींत घालूं नयेत. मागील बाजूस तीं कोणाकडून व केव्हां मिळालीं एवढें पेन्सिलीनें लिहून ठेवावें, आणि जवळच्या ग्रंथालयास किंवा संशोधन मंडळास एक नक्कल द्यावी. आणि जे आज पत्रकें लिहीत आहेत त्यांस आमची विनंति एवढीच कीं, छापखान्यांत कागद देण्यापूर्वीं शेवटची ओळ पुन्हां एकदां पाहावी. तेथें नांव आहे ना, आणि साल आहे ना?